आमी केली तर दारू, तू केलंस तर हौस?

पत्राचा सारांश, नाव-गाव गाळून:

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे छत्तीस वर्षांचे. पाच वर्षं इंग्लंडात ब्रिस्टलला नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी घरी परतले. आता घरूनच काम करतात, वडिलांमागे काजूची बाग बघतात, सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या आहेत.

ब्रिस्टलला शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये महिन्यातला एक रविवार बिअर करण्याचा असे. सकाळी आठला मोठं पातेलं चढायचं. पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ६६ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचं, पाणी गाळून घ्यायचं, मग हॉप्सची कडवट फुलं टाकून तासभर उकळायचं आणि झटपट गार करून यीस्ट घालायचं. मधल्या रिकाम्या वेळात दुसरीकडे मीडची बरणी भरायची, म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट. माल्टचा चोथा शेजाऱ्याच्या कोंबड्यांना जायचा. संध्याकाळी गेल्या महिन्यातल्या बाटल्या उघडायच्या. "परदेशातला माझा एकटेपणा त्या गॅरेजमध्ये गेला," असं ते लिहितात.

तोच दिवस त्यांना गावात करायचा आहे. मे महिन्यात वाढदिवस आहे, पुण्याहून चार मित्र यायचे आहेत. तालीम म्हणून दिवाळीनंतर आपल्याच पेट्यांतल्या मधाचं मीड त्यांनी माजघरात लावलं आणि मार्चमध्ये सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. एप्रिलमध्ये एका रात्री त्यातली एक बाटली फुटली. आईने काचा वेचल्या. तेव्हापासून तीन आठवडे आई चहा देते, जेवण वाढते, बोलत नाही. गावातल्या शाळासोबत्याला आमंत्रण दिलं आणि म्हटलं, "येताना चार बाटल्या ताजी माडी घेऊन ये, सगळ्यांना चाखवू." मित्राच्या घरात पिढ्यान् पिढ्या माडी काढतात. तो म्हणाला, "आमी केली तर दारू, नि तू केलंस तर हौस, होय मा रे?" आणि फोन ठेवला.

ते विचारतात: आईला विज्ञान कसं समजावू? मित्र एवढा का तुटला? दिवस रद्द करू का? आणि ताजा कलम म्हणून: उरलेल्या बरणीला सडक्या अंड्यासारखा वास का येतो?

---

प्रिय वाचक,

उत्तराची सुरुवात ताज्या कलमापासून करते, कारण तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर सरळ आहे.

तुम्ही अभिमानाने लिहिलंय की बरणीत मध, पाणी आणि यीस्ट याशिवाय काहीही नाही, सगळं शुद्ध. बिघडलंय ते नेमकं तिथेच. मधात साखर भरपूर असते, पण यीस्टला वाढायला लागणारं नत्र जवळजवळ नसतं. उपाशी यीस्ट चिडतं आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतं, तोच तो सडक्या अंड्याचा वास. बिअरला हा त्रास कमी, कारण माल्टमध्ये यीस्टला पोटभर खाणं असतं. ब्रिस्टलला तुमचा शेजारी मीडच्या बरणीत चिमूटभर एक पूड टाकत असणार, तुम्ही पाहिलं नसेल. त्यात आपली हवा. अशा यीस्टला १८ ते २२ अंश मानवतं. तुमच्या माजघरात मार्च-एप्रिलला ३२-३३ असतात. त्या उष्म्यात किण्वन धावत सुटतं आणि नेलपॉलिशसारखे उग्र वास धरतं.

बाटली का फुटली, हेही तुम्हाला माहीत असणार. किण्वन पुरतं थांबण्याआधी बाटली भरली, आत साखर उरली होती, यीस्ट जिवंत होतं, वायूला जायला वाट नव्हती. साधी सरबताची बाटली तो दाब सोसत नाही. माझी आई हर्णैची. माझ्या लहानपणी एका मेमध्ये तिने करवंदाचं सरबत करताना साखरेचा हात आखडता घेतला, ते टिकलं नाही, आंबलं, आणि आठव्या दिवशी फडताळातून तोफ उडाल्यासारखा आवाज आला. पांढऱ्या भिंतीवर जांभळे ओघळ. आजोबा म्हणाले, "सुनबाईंनी गुत्ता काढला." घर दोन दिवस हसत होतं. कोकमाच्या आगळाचं असं कधी झालं नाही, कारण त्यात मीठ असतं.

हे सांगण्याचं कारण असं. आमच्या घरी बाटली फुटली तेव्हा सगळे हसले. तुमच्या घरी आईने काचा वेचल्या आणि तिचं बोलणं थांबलं. फुटण्याचं शास्त्र दोन्हीकडे एकच. मग फरक कशात पडला?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पातेलं, तापमापक, घनता मोजायची काचेची नळी यांवर पान-दीड पान आहे. शेवटच्या परिच्छेदात, कंसात, एक ओळ आहे: "मामाचं दारूने वाटोळं झालं, त्यामुळे आई या विषयात जरा हळवी आहे." बस, एवढंच. मामाची बाग गेली की घर गेलं, मामा आहेत की गेले, त्या दिवसांत तुमची आई कुठे होती, काहीच नाही. ती ओळ तुम्ही कंसात का टाकली असेल, याचा विचार करा, मला कळवू नका.

तुम्हाला वाटतंय, आईला विज्ञान समजत नाही. मला वाटतं, या विषयातलं विज्ञान तिला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. तुम्हीच लिहिलंय की लहानपणी ती तुम्हाला मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व द्यायची आणि आता तुमच्या मुलाला देते. ती काय करते? नाचणी रात्रभर भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते, हलकी भाजते, दळते. यालाच माल्टिंग म्हणतात. दाणा उगवायला लागला की त्यात पिष्टाची साखर करणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात. बार्लीचं तेच करून त्याला माल्ट म्हणतात आणि तुम्ही ६६ अंशांच्या पाण्यात तासभर जे मुरवत होता, ते त्या विकरांना त्यांचं काम करू देणं होतं. मोडाच्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ होते, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला माहीत असतं. कारण तेच. पूर्व हिमालयात याच नाचणीपासून सरळ बिअरसारखं पेय करतात. तुमची आई त्या वाटेवर अर्ध्यापर्यंत रोज जाते आणि तिथून मागे फिरते. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून सकाळी फुगलेलं बघणारी बाई किण्वनाला घाबरत नाही. तिला पुढची अर्धी वाट कुठे जाते ते दिसलेलं आहे.

म्हणून तिला समजवायला जाऊ नका. एक गोष्ट मात्र तिला सांगायला हरकत नाही, तीही तिने विचारलं तर. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. टीव्हीवर दिवसभर "मालवणी" हा शब्द ऐकून आपल्याकडे कित्येकांना ते मालवणातच घडलं असं वाटलं होतं. ती माणसं मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने गेली. मध आंबवून असं विष तयार होत नाही. ही भीती तिच्या मनात असेल तर ती निघेल. पण माझा अंदाज असा की ती भीती नव्हतीच. मामाच्या हातात पहिला पेला आला तेव्हा तोही कुणाच्या तरी घरी, हौसेने, चार मित्रांतच आला असेल.

आता मित्राकडे येऊ. इथे तुमच्याशी जरा कडक बोलणार आहे.

पुण्याच्या चौघांना तुम्ही पाहुणे म्हणून बोलावलंत. गावातल्याला माल घेऊन यायला सांगितलंत. तुमच्या मनात तसं नव्हतं, हे मला पत्रावरून दिसतं. तुम्हाला वाटलं, त्याची माडी आणि तुमचं मीड शेजारी-शेजारी ठेवू, दोन्ही आंबवलेली, दोन्हींचा मान सारखा. पण मान सारखा असता तर त्या दिवसाचा जाणकार तो असता. तुम्ही पाच वर्षं महिन्यातून एक रविवार हे काम केलंत. त्याच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ होतं, पावसापाण्यात, तीस-चाळीस फुटांवर, कमरेला कोयती लावून.

माडी कशी निघते हे पुण्याच्या मित्रांनाच नव्हे, कोकणातल्याही पुष्कळ लोकांना धड ठाऊक नसतं, म्हणून थोडं लिहिते. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधी बांधून ठेवतात, हलक्या हाताने ठोकून मऊ करतात, मग टोकाची पातळ चकती रोज कापतात. जाड कापली तर पोय लवकर संपते, पातळ कापली तर रस आटतो. तो अंदाज हातातच असतो, मोजपट्टीने येत नाही. थेंब मडक्यात पडत असतानाच किण्वन सुरू होतं, कारण यीस्ट झाडावर, हवेत, कालच्या मडक्यात असतंच. तुम्ही पाकिटातून विकत घेत होता, इथे ते फुकट येतं. पहाटे उतरवलेली गोड, दुपारी चढलेली, दोन-तीन दिवसांत शिरका. मोजायची नळी न वापरता तो माणूस वासावरून आणि फेसावरून सांगतो की आता काय झालंय. भंडारी समाजाचं हे पिढीजात कसब. आणि या कसबावर कर, परवाना आणि धाड यांचा जाच ब्रिटिशांच्या १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून चालू आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली तेव्हा किती घरांची चूल थंडावली असेल, त्याचा हिशोब कुणी ठेवला? आजही माडी काढायला परवाना लागतो, झाडामागे पैसे भरावे लागतात. गावात त्या घराकडे बोट दाखवून "माडीवाले" म्हणतात, आणि त्या स्वरात आदर नसतो. तुम्हीही शाळेत असताना तो स्वर ऐकला असेल. कदाचित लावलाही असेल.

अशा माणसाला तुम्ही फोनवर सांगता की मी घरी दारू करणार आहे, गंमत म्हणून, परवान्याशिवाय, आणि तू चार बाटल्या आण. तो जे बोलला ते माझ्या मते फारच सौम्य होतं.

त्याच्या वाक्यात कायद्याचाही प्रश्न दडलेला आहे. तुम्ही त्याला पत्रात एका वाक्यात उडवून लावलंय: "टेक्निकली कदाचित चालत नसेल." कदाचित नाही. चालत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. बिअर, वाइन, माडी, अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव, सगळं त्यात दारूच आहे. परवान्याशिवाय ती तयार करणं कलम ६५ खाली गुन्हा आहे, तुरुंगवास आणि दंड दोन्ही. त्यासाठीची साधनं बाळगणंही त्यात येतं. विकण्यासाठी नाही, घरच्यापुरती, पाच लिटरच, मधाचीच, अशी सूट तिथे नाही. इंग्लंडात १९६३ मध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द झाला, म्हणून तुमचा शेजारी निर्धास्त होता. तिथेही घरी केलेली बिअर विकता येत नाही आणि घरी भट्टी लावून दारू गाळता येत नाही. एका देशातली मोकळीक सामानातून दुसऱ्या देशात आणता येत नाही. आणि तुम्ही त्या दिवसाचे रील करून टाकणार होता! स्वतःच्या हाताने पंचनामा लिहून देण्यासारखं झालं ते.

"कोण बघतंय?" हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो. बहुधा कुणी बघणारही नाही. पण नीट विचारा: कोण *तुमच्याकडे* बघत नाही? मित्राच्या घरात विनापरवाना एक मडकं जास्त सापडलं तर काय होईल आणि तुमच्या माजघरात सापडलं तर काय होईल? त्याला हा फरक जन्मापासून माहीत आहे. त्याचं वाक्य त्या फरकाविषयी होतं.

गोव्याचा विचार करत असाल, अर्ध्या-पाऊण तासावर तर आहे, तर तिथेही दारू तयार करायला परवाना लागतोच. येताना बाटल्या गाडीत टाकून नाक्यावरून आणण्याची हौस करू नका. वसईहून दर डिसेंबरात मला घरगुती द्राक्षाच्या वाइनबद्दल पत्रं येतात. त्या भगिनींनाही कायद्यापुरतं हेच उत्तर, जरी त्यांच्या आजीपासूनची रीत असली तरी. कायदा बदलावा असं मला वाटतं का? वाटतं. फडताळातली एक बरणी आणि हातभट्टी यांत फरक करणारा कायदा हवा. पण तो बदलेपर्यंत तुमच्या घरात आधीच एक माणूस गप्प बसलंय, तिथे पोलीस आणखी कशाला?

तेव्हा उरलेली बरणी ओतून टाका. पाच लिटर मीड, त्याला सात-आठ महिन्यांचा मध लागला, जीव तुटेल, कळतं. तसंही ते अंड्यासारखं वासतंय. बाटल्या उघडताना जाड फडकं गुंडाळा आणि चेहरा लांब ठेवा. शक्य असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा, गार झालं की दाब उतरतो. ओतताना लपवून ओतू नका. आई बघत असली तर बघू दे. पण "बघ, तुझ्यासाठी टाकलं" असं म्हणू नका. त्याने तिच्यावर ऋण चढतं आणि ती आणखी गप्प होते.

आता वाढदिवसाचं. इथे बहुतेक सल्लागार सांगतील की त्याऐवजी कोकम सरबत करा, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचा दिवस करा. मी नाही सांगणार. रातांबे फोडणं मला प्रिय आहे, पण जे हवं होतं ते न देता दुसरंच हातात ठेवलं की माणूस खुळखुळा दिलेल्या मुलासारखा बघत राहतो. तुम्हाला काय हवंय तेच आधी बघू.

ब्रिस्टलच्या त्या दिवसाचं वर्णन पुन्हा वाचते. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत पाच माणसं एका पातेल्याभोवती. तासभर मुरू द्यायचं, म्हणजे तासभर काही करायचं नाही, उभं राहून बोलायचं. पुन्हा तासभर उकळायचं, पुन्हा बोलायचं. त्या तासांत तुम्ही शेजाऱ्याच्या घटस्फोटाबद्दल ऐकलंत, त्याने तुमच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल. कोंबड्यांना चोथा टाकलात. पिण्याचा उल्लेख तुमच्या दोन पानांत जेमतेम एका वाक्यात आहे, आणि त्यातही चवीबद्दल एक अक्षर नाही! तुम्ही दारूसाठी आसुसलेले असता तर हे पत्र वेगळं दिसलं असतं. तुम्हाला पुरुषांनी पुरुषांशी हातात काम ठेवून बोलण्याची जागा हवी आहे. आपल्याकडे बायकांना ती पापडाच्या, कुरडयांच्या, रातांब्यांच्या निमित्ताने मिळते. पुरुषांना ती नाका, भजन आणि गुत्ता यांपलीकडे कुठे मिळते, मला सांगा.

तर पातेलं ठेवा. चौघांना बोलवा. पहाटे मित्राच्या माडाखाली जा, तो हो म्हणाला तर. त्याचा परवाना असेल तर तो काय, किती आणि कसं देऊ शकतो हे तोच सांगेल. तुम्ही काही मागायचं नाही. नुसतं बघायचं, विचारायचं, आणि त्या दिवशीचं बोलणं त्याच्याकडे सोपवायचं. पुण्याच्या मित्रांनी तापमापक घेऊन यावं, माडीच्या मडक्यात दर तासाला काय होतं ते मोजावं. पुस्तकातलं किण्वन तिथे डोळ्यांसमोर घडतं. मग घरी येऊन मोडाच्या नाचणीचं पीठ ६५ अंशांच्या पाण्यात मुरवून बघा. तास-दीड तासात पाणी गोड लागायला लागतं. तिथेच थांबा, यीस्ट नाही. ते गोड पाणी गाळून, गूळ-सुंठ घालून उकळा आणि प्या. चोथ्याची भाकरी होते, कोंबड्याही खातात. कामाचे तास सगळे मिळाले, बोलायला वेळ मिळाला, आणि कलम ६५ तुमच्या परसात आलं नाही. याला चव कशी येते हे मी करून पाहिलं आहे: बरी. फार अपेक्षा ठेवू नका.

बिअर प्यायचीच असेल तर पुण्यात २००९ पासून परवान्याच्या मायक्रोब्रुअऱ्या आहेत. मित्रांकडे गेलात की तिथे जा, ताजी असते, कुणाकडून तरी टाक्याही बघायला मिळतील. आणि मीडच डोक्यात बसलं असेल, छंदापलीकडे, तर पुण्यात आणि नाशकात परवानगी घेऊन मीड करणारे उद्योग उभे राहिलेले आहेत. कोकणातल्या मधाचं, काजूच्या बोंडांचं, करवंदांचं काही करायला तिथली माणसं उत्सुक असू शकतात. दरवर्षी आपल्याकडे काजूची बोंडं बागेत कुजतात, नाहीतर गोव्याला जातात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जाऊन बोंडांचं काय काय करता येतं ते विचारून या. हा रस्ता लांबचा आहे, उत्पादन शुल्क खात्याच्या चकरा आहेत, भांडवल आहे. पण हा रस्ता माजघरातून जात नाही. आणि त्यात तुमचा मित्र भागीदार होऊ शकतो. पुरवठादार नव्हे, भागीदार.

मधमाश्या पाळणाऱ्या इतर वाचकांसाठी एक. गेल्या पावसाळ्यापासून सात-आठ जणांनी विचारलंय की घरचा मध फेसाळला, आंबट झाला, भेसळ आहे का. भेसळ नाही, पाणी आहे. सातेरीचा मध मुळात पातळ, त्यात आपली दमट हवा. मधात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की त्यातलं जंगली यीस्ट जागं होतं. अन्नसुरक्षेच्या नियमांतही मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्केच आहे. मेणाने पुरत्या झाकलेल्या घरांतलाच मध काढा, पावसाच्या तोंडावर काढू नका, काचेच्या कोरड्या बाटलीत घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. फेसाळलेला मध बंद बाटलीत कोंडू नका. आणि वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, घरचा असो की दुकानातला, आजी कितीही म्हणो.

तसंच, आल्याची नाहीतर कोकमाची आंबवलेली फसफसणारी सरबतं घरी करणाऱ्या मंडळींनी काचेची बाटली घेऊ नये. प्लॅस्टिकची सोड्याची बाटली घ्या. दाबून बघा, दगडासारखी घट्ट लागली की लगेच फ्रिजमध्ये. आपल्या उन्हाळ्यात हे दिवसा-दीड दिवसात होतं, परदेशी कृतीत लिहिलेल्या पाच दिवसांत नाही. जास्त दिवस ठेवलं तर त्यातही अल्कोहोल वाढत जातं, हे विसरू नका.

आईशी काय बोलायचं, ते मी सांगत नाही, कारण बोलायचं नाहीच आहे. ऐकायचं आहे. नाचणी भिजवायच्या दिवशी तिच्याजवळ बसा. फडकं पिळायला हात लावा. आणि मामाबद्दल विचारा. दारूबद्दल नाही, मामाबद्दल. तो कसा हसायचा, भावंडांत कितवा, झाडावर चढायचा का. ती पहिल्या दिवशी सांगणार नाही. दुसऱ्या खेपेच्या नाचणीलाही कदाचित नाही. तुमच्या मुलालाही तिथे बसवा. त्याला मामाआजोबांचं नाव तरी माहीत आहे का?

मित्राकडे फोन करू नका, संदेश पाठवू नका, "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" तर मुळीच नाही. त्या "तर"ने सगळं वाया जातं. जाऊन उभे राहा. सांगा, "तुका माल आणूक सांगितलंय, ता चुकला माझा." एवढंच बोला, विज्ञान नको, ब्रिस्टल नको. आणि जायचं तर पहाटे जा, तो माडावर चढायच्या आधी. एकदा वर गेला की सातपर्यंत तो खाली येत नाही, आणि त्याला खालून हाका मारून बोलायला लावू नका.